कानबाई, आखाजी आणि सातपुडा: वर्षभराचं आमचं फिरायचं कॅलेंडर

मे महिना जवळ आला की जळगाव-भुसावळकडच्या निम्म्या घरांत एकच चर्चा सुरू होते, यंदा कुठं जायचं. मग महाबळेश्वर, माथेरान, ज्यांचं बजेट चांगलं त्यांचं मनाली, आणि ज्या गावांत बसून आपण हे ठरवतो, म्हणजे रावेर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा, तळोदा, त्या प्रत्येक गावाच्या उत्तरेला सातपुडा उभाच आहे. पावसानंतर हवा स्वच्छ झाली की गच्चीवरून नीट दिसतो. तरी आपल्यातल्या किती जणांनी तो आतून बघितलाय? मला याचं मनापासून वाईट वाटतं, म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून काढते. नातेवाईकांपैकी कुणी ना कुणी फोन करून विचारतंच, की म्हातारी माणसं, लहान पोरं सगळ्यांना घेऊन जायचंय तर कधी जाऊ आणि कसं जाऊ.

माझं माहेर शहाद्याकडचं आणि सासर जळगावचं, त्यामुळे सातपुड्याची दोन्ही टोकं माझ्या वाट्याला आली, पश्चिमेला तोरणमाळ-धडगाव आणि पूर्वेला यावल-पाल. आणि इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय. कुठं जायचं हा प्रश्न आधी विचारायचाच नाही, आधी विचारायचं की आपलं घर वर्षात कधी कधी एकत्र येतं. खान्देशी घरात याचं उत्तर ठरलेलं असतं. श्रावणात कानबाईला, म्हणजे आमच्या खान्देशातल्या देवीच्या सणाला, सगळे भाऊ जमतात, दिवाळीत जमतात, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीबाळी माहेरी येतात, आणि हिवाळ्यात कुणाचं लग्न नाहीतर भरीत पार्टी असतेच. सुरतेचा भाऊ, पुण्याचा दीर, नाशिकची नणंद, सगळे त्या दिवसांत घरी असतात. वेगळी सुट्टी काढा, वेगळं तिकीट काढा असलं काही नाही, त्यालाच दोन दिवस जोडायचे आणि डोंगर गाठायचा. मग त्या महिन्यात सातपुडा काय देतोय ते बघून ठिकाण ठरवायचं. तोरणमाळ ऑगस्टमधलं वेगळं, जानेवारीतलं वेगळं आणि मे मधलं तर फारच वेगळं.

आधी रस्ता समजून घ्या म्हणजे पुढचं सोपं जाईल. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर हायवे सातपुड्याच्या पायथ्यापायथ्याने जातो, रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा असा. डोंगरात शिरणारे जवळपास सगळे रस्ते या हायवेवरून उत्तरेकडे फुटतात. पालला जायचं तर फैजपूर-सावद्याकडून खिरोद्यावरून घाट चढायचा. मनुदेवीला यावल-चोपडा रस्त्यावरून आडगावकडे वळायचं. उनपदेवला अडावदवरून, तोरणमाळला शहाद्याहून म्हसावद-राणीपूरमार्गे, धडगावला तळोद्याकडून चांदसैली घाटाने नाहीतर शहाद्याकडून, आणि मोलगीला अक्कलकुव्याहून देवगोई घाटाने. हा एक हायवे डोक्यात बसला की नकाशा हातात नसला तरी चालतं, आणि तो डोक्यात असलेलाच बरा, कारण आत शिरलात की मोबाईलची रेंज कधी जाईल सांगता येत नाही. गुगल मॅप घरूनच ऑफलाइन डाऊनलोड करून ठेवा.

मुंबई-सुरतेकडून येणाऱ्यांनी रेल्वेने नंदुरबार नाहीतर दोंडाईच्याला उतरावं, तिथून शहादा जवळ आहे. आमचा सुरतेचा भाऊ असाच येतो आणि आम्ही जळगावहून चोपडा-शिरपूर करत साडेतीन-चार तासांत शहाद्याला पोचतो. शहाद्यात सगळे भेटले की पेट्रोल फुल, एटीएममधून कॅश, मेडिकलमधून औषधं, आणि मग वर.

आता श्रावण. आमच्याकडे नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रात्रभर गाणी, रोट, आणि सोमवारी विसर्जन. मंगळवारी सगळे थकलेले असतात पण सगळे असतात! त्या आठवड्यात सातपुडा एवढा हिरवा असतो की विचारू नका. जळगावकरांसाठी सगळ्यात सोपं म्हणजे मनुदेवी, देवीचं देऊळ आणि मागे कड्यावरून पडणारा धबधबा, सकाळी निघून संध्याकाळी घरी. सासूबाईंना देवीचं दर्शन होतं आणि पोरांना पाणी मिळतं, दोघंही खूश. फक्त एक गोष्ट मी हात जोडून सांगते, धबधब्याखालच्या कुंडात आणि नाल्यात पोरांना मोकळं सोडू नका. सातपुड्याची दक्षिण बाजू एकदम सरळ चढलेली आहे, तापीच्या मैदानातून थेट डोंगर, त्यामुळे वर पाऊस पडला की ते पाणी थोड्या वेळात खाली येतं, आणि खाली तुमच्याकडे तेव्हा ऊन पण पडलेलं असू शकतं. पाण्याचा रंग गढूळ व्हायला लागला, पालापाचोळा वाहून यायला लागला की त्याच क्षणी बाहेर यायचं, फोटो नंतर.

पावसाळ्यात तोरणमाळ म्हणजे धुकं. सीताखाईच्या दरीत पाणी कोसळताना नुसता आवाज येतो आणि समोर पांढरं, मग पाच मिनिटांत पडदा सरकतो आणि सगळी दरी दिसते, परत गुडूप. यशवंत तलाव भरलेला असतो, कमळतलावात कमळं, आणि सात पायरी घाट चढताना प्रत्येक वळणावर नवीन ओहोळ. पण पावसात दोन नियम पाळायचेच. घाट दिवसाउजेडीच चढायचा आणि उतरायचा. आणि चांदसैली घाट पावसात टाळायचा, तिथं दरडी कोसळतात, रस्ता बंद पडतो, धडगावला जायचंच असेल तर शहाद्याकडून जा आणि निघण्याआधी तळोदा-शहाद्यात रस्त्याची चौकशी करा, एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर सगळ्यात खरी माहिती देतात. पावसात आणि पावसानंतर डास खूप असतात, मलेरियाचा भाग आहे हा, म्हणून मच्छरदाणी, अंगभर कपडे आणि डासांचं मलम बॅगेत हवंच. पोरांच्या बाबतीत यात ढिलाई करू नका.

दिवाळीतला सातपुडा वेगळाच. पाऊस गेलेला असतो, गवत कमरेएवढं वाढून सोनेरी व्हायला लागलेलं, ज्वारी-बाजरी कापणीला आलेली, नाल्यांना अजून पाणी. आणि याच दिवसांत सीताफळं! धडगाव भागातलं सीताफळ खाल्लं की बाकीचं नको वाटतं, रस्त्याच्या कडेला बाया टोपल्या घेऊन बसतात, घासाघीस न करता घ्या. त्यांनी ती टोपली कुठून कुठवर डोक्यावर आणलीये ते आपल्याला दिसत नाही.

दिवाळीतच अस्तंब्याची यात्रा असते, धनत्रयोदशीच्या सुमारास. अश्वत्थामा आजही या डोंगरावर भटकतोय अशी श्रद्धा, आणि हजारो माणसं, त्यात आदिवासी तरुण खूप, रात्रीचे डोंगर चढत शिखरावर जातात. शिखर साधारण १३२५ मीटर उंच आहे, वाट खडी आहे, दोन-दोन दिवस चालणं आहे. माझा भाऊ जाऊन आलाय आणि तो अजून त्याबद्दल बोलायला लागला की थांबत नाही. पण कुटुंब घेऊन जायची ही यात्रा नाही असं माझं स्पष्ट मत. घरातली तरणी, चालणारी पोरं असतील त्यांनी गावातल्या जाणत्या माणसासोबत जावं, आणि बाकीच्यांनी तेवढ्यात खाली प्रकाशा बघावं. तापी आणि गोमाईचा संगम, केदारेश्वराचं आणि संगमेश्वराचं देऊळ, दक्षिण काशी म्हणतात त्याला, आमच्या आईला तिथं घाटावर नुसतं बसायला दिलं तरी दिवस भरतो. घरातल्या प्रत्येकाने एकच गोष्ट केली पाहिजे असं कुठं आहे? गुडघे दुखणाऱ्या माणसाला ओढत न्यायचं आणि मग त्याने गाडीत बसून राहायचं, हे मला अजिबात पटत नाही. प्लॅन करतानाच दोन गट धरायचे, रात्री जेवायला एकत्र.

हिवाळा हा माझा सगळ्यात आवडता, आणि कुटुंबासाठी सगळ्यात सोपा पण. डिसेंबरमध्ये दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते, एकमुखी दत्ताची, तापीच्या काठावर, आणि तिथला घोडेबाजार तर देशभर प्रसिद्ध आहे. पंजाब, राजस्थान, गुजरात, उत्तर प्रदेश, कुठून कुठून घोडे येतात, पोरं हरखून जातात. सारंगखेडा दोंडाईचा-शहादा रस्त्यावरच आहे, म्हणजे तोरणमाळला जाताना वाटेतच. एक दिवस यात्रा, मग दोन दिवस वर डोंगरात, असा प्लॅन आमच्याकडे सगळ्यांना जमतो. घोड्यांच्या मागून जाऊ नका एवढं मात्र पोरांना आधी बजावून ठेवा. आणि नंदुरबारवरून येत असाल तर गावाबाहेर मिरचीच्या पथारी बघा, मैदानंच्या मैदानं लाल झालेली असतात, गाडीची काच खाली केली की ठसका लागतो, पण ते दृश्य एकदा पोरांनी बघायला हवं, आपल्या घरातलं तिखट कुठून येतं ते कळतं.

वर थंडी खरी असते. तोरणमाळ साडेअकराशे मीटरच्या आसपास आहे, डाब, वाल्हेरीकडे तर कडाक्याच्या थंडीत गवतावरचं दव गोठल्याच्या बातम्या येतात. डाब भागात काही शेतकरी स्ट्रॉबेरी पण लावतात, आपल्या नंदुरबार जिल्ह्यात! आमच्या आईला थंडी सोसत नाही, पण शेकोटीपाशी बसली की तिचं अहिराणी सुरू होतं आणि पुण्याच्या नातवंडांना ते ऐकायला मिळतं, ती पोरं एरवी ऐकतात कुठं. सकाळी सगळे घाई करायला लागले की ती म्हणते, "डोंगर काय पळी नही जात भो, सावकास चाला." आणि खरंच आहे ते. एका दिवसात पाच पॉइंट बघायचे हा जो आपला हट्ट असतो ना, तो कुटुंबाच्या ट्रिपची वाट लावतो. एका दिवसात एकच ठिकाण, दुपारी झोप, संध्याकाळी तलावावर चक्कर, बस.

हिवाळ्यातली सकाळ अजून एका कारणासाठी सोडू नका. रानपिंगळा नावाचं एक छोटं घुबड आहे. १८८४ नंतर ते कुणाला खात्रीने दिसलंच नव्हतं, संपलं असंच जग धरून चाललेलं, आणि १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ते परत सापडलं, कुठं? तर शहाद्याजवळ, सातपुड्याच्या रानात! शंभरावर वर्षांनी. माझ्या माहेरापासून हाकेच्या अंतरावर जगभरातले पक्षीवाले येतात आणि आम्हाला शाळेत हे कुणी सांगितलं नव्हतं. हे घुबड दिवसाउजेडी पण हिंडतं, सकाळच्या कोवळ्या उन्हात उघड्या फांदीवर बसतं, म्हणून पानगळीच्या दिवसांत दिसायची शक्यता जास्त. दिसेलच असं नाही, पण पोरांना ही गोष्ट सांगून रानात न्या, ती आपोआप हळू बोलायला लागतात. मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलवायचा प्रकार करू नका, त्यांना त्रास होतो.

ज्यांना एवढं लांब जायचं नाही त्यांनी जानेवारीत पाल करावं. रावेर तालुक्यात, यावल अभयारण्याच्या भागात, हे अभयारण्य १९६९ सालचं आहे. सुकी नदी, तिच्यावरचं गारबर्डी धरण, सागाचं रान, आणि खाली मैदानात उतरलं की दोन्ही बाजूला केळीच केळी. वाटेत फैजपूर लागतं, तिथं डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं, खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन, मोठ्या पोरांना गाडीतच सांगून टाका, इतिहासाच्या पुस्तकातलं गाव खिडकीतून दिसलं की लक्षात राहतं. अभयारण्यात शिरायचं तर वनखात्याची परवानगी आधी काढावी लागते, ऐनवेळी गेटवर वाद घालण्यात अर्थ नाही. आणि जानेवारी म्हणजे भरताच्या वांग्यांचा सीझन, काड्यांवर भाजलेलं वांगं, बडगीत ठेचलेली हिरवी मिरची, कळण्याची भाकरी किंवा पुऱ्या, हे सगळं आम्ही खालीच शेतात करतो आणि मग घाट चढतो. जंगलात चूल पेटवायची नाही. हा आमचा घरचा नियम आहे आणि त्यावर मी कुणाचं ऐकत नाही.

उनपदेव पण याच दिवसांत करा, चोपडा तालुक्यात, अडावदजवळ. गोमुखातून गरम पाणी बारा महिने पडतं. सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीत खोल भेगा आहेत, पाणी खोल जाऊन तापतं आणि वर येतं. थंडीत सासूबाईंनी त्या पाण्यात पाय सोडले की त्यांना उठवणं अवघड होतं. उन्हाळ्यात तिथं जाऊन काय करणार सांगा, म्हणून म्हणते, महिना बघून ठिकाण ठरवा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो आणि डोंगर जागोजागी केशरी होतो. महाशिवरात्रीला तोरणमाळला गोरक्षनाथाची मोठी यात्रा, गुजरात-मध्य प्रदेशातून सुद्धा माणसं येतात. श्रद्धेने जाणाऱ्यांनी जरूर जावं, पण शांतपणे फिरायला जायचं असेल तर ते दिवस नकोत, रस्ताही भरलेला आणि राहायची जागाही.

होळीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण इथं आपल्या लोकांकडून वागण्यात चुका होताना मी बघते. होळीच्या आधीच्या आठवड्यात चोपडा, शिरपूर, रावेर, धडगावकडे भोंगऱ्या बाजार भरतो. मोठमोठे ढोल, चांदीचे दागिने घातलेल्या बाया, पावऱ्या-बासऱ्या, होळीची सगळी खरेदी. हा पळून जाऊन लग्न करायचा बाजार आहे अशा गोष्टी बाहेरच्यांनी पसरवून ठेवल्यात, आणि पावरा-बारेला या आदिवासी समाजांतली माणसं वर्षानुवर्षं सांगतात की तसं नाही, हा होळीचा बाजार आहे. घरातल्या पोरांना नेण्याआधी हे नीट सांगा. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावची राजवाडी होळी तर डोळ्यांचं पारणं फेडते, उंचच्या उंच बांबू, त्याच्यासाठी हाताने खणलेला खड्डा, रात्रभर नाच, आणि होळी पेटते पहाटे. मोरपिसांचे टोप, कमरेला घुंगरं आणि भोपळे बांधून, अंगावर रांगोळीसारखी राखेची नक्षी काढून नाचणारे बुध्या, ते हौशी कलाकार नाहीत, त्यांचं व्रत असतं, किती दिवस ते पाळणी पाळत असतात, खाटेवर झोपत नाहीत. त्यांना थांबवून, खांद्यावर हात टाकून सेल्फी काढणं म्हणजे आपल्या कानबाईसमोर कुणी बूट घालून उभं राहण्यासारखं आहे. लांबून बघा, फोटो काढायचा तर विचारून काढा, नाही म्हटलं तर नाही. अगदी लहान बाळ असेल तर रात्रभराची होळी करू नका, दिवसाचा भोंगऱ्या करा, मार्चमध्ये परीक्षा असतात त्यामुळे पोरांसाठी तसंही तेच जमतं.

आणि मग येतो उन्हाळा, ज्याच्यावरून सगळी चर्चा सुरू होते. खरं सांगते, मे मधलं तोरणमाळ म्हणजे काश्मीर नाही. दर हजार मीटर उंचीला साधारण साडेसहा डिग्री तापमान उतरतं, म्हणजे खाली शहाद्याला ४३ असेल तर वर ३६-३७ असणार, दुपारी ऊन लागतंच. भुसावळच्या ४५-४६ मधून आलेल्या माणसाला ते सुख वाटतं, पण पुण्याच्या दिराला नाही वाटणार. खरी मजा रात्रीची आणि पहाटेची. अंगणात खाट टाकली की पहाटे गोधडी लागते, मे महिन्यात! म्हणून उन्हाळ्यात दिवस उलटा करायचा, पहाटे पाचला उठून खडकी पॉइंटकडे फिरून यायचं, नऊला घरात, दुपारभर पत्ते आणि झोप, पाचनंतर परत बाहेर.

उन्हाळ्यात रान उघडं-बोडकं दिसतं म्हणून लोक नाक मुरडतात, पण डोंगरातल्या माणसांच्या कामाचे हेच दिवस. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पडतात, पहाटे अख्खं कुटुंब झाडाखाली वेचायला असतं, सगळीकडे तो गोड वास. मग चारोळी, तेंदूपत्ता, आणि कैऱ्या. धडगाव-मोलगीकडे कैरी सोलून, चिरून खडकावर वाळत घातलेली दिसते, त्याचं आमचूर. आखाजीला माहेरी आले की आम्ही बहिणी मिळून जातो, आमच्याकडे आखाजी म्हणजे झोके, गौराईची गाणी, खापरावरचे मांडे आणि आमरस, ते सगळं झालं की दोन दिवस वर. वर्षाचं आमचूर, चारोळी आणि भगर तिथूनच घेतो. एवढ्याशा आमचूरला किती कैऱ्या लागतात ते एकदा त्या बाईशेजारी बसून बघा, मग भाव जास्त वाटत नाही. पोरांना मी तिथं मुद्दाम बसवते, दोन कैऱ्या सोलायला लावते, त्या मावश्या हसतात आणि शिकवतात.

उन्हाळ्यात आगीचं फार जपायचं. वाळलेलं गवत आणि सागाची पानं, एक विडी पुरते. गाडीतून पेटती काडी, थोटुक काही टाकू नका, सोबतच्या पुरुषमंडळींना हे स्पष्ट सांगायला लाजू नका.

राहायचं म्हणाल तर तोरणमाळला, पालला सोय मोजकी आहे, सरकारी विश्रामगृहं आणि थोड्या खाजगी जागा, म्हणून दिवाळी, डिसेंबर, मे या दिवसांचं बुकिंग महिना-दीड महिना आधी करायचं. फोनवर विचारताना व्ह्यू कसा आहे ते नंतर विचारा. पहिला प्रश्न कमोड आहे का, दुसरा खोली तळमजल्यावर मिळेल का, तिसरा गरम पाण्याचं काय, चौथा लाईट गेली तर काय. घरात साठीच्या पुढचं कुणी असेल तर याच चार उत्तरांवर ट्रिप चांगली की वाईट ते ठरतं. जेवण आधी सांगून ठेवावं लागतं, सकाळीच सांगा किती माणसं आणि काय हवं, म्हणजे गरम भाकरी, डाळ, कोंबडी जे काय ते व्यवस्थित मिळतं, ऐनवेळी वीस माणसं गेली तर त्या गरीब माणसाने काय करायचं. आमच्यासोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा कायम असतो, दोन दिवस टिकतं. घाटात ज्या पोरांना उलटी होते त्यांना शहाद्यात तळलेलं काही देऊ नका, पुढच्या सीटवर बसवा.

औषधं नेहमीची जास्तीची घ्या, बीपी-शुगरवाल्यांनी तर नक्की, वर मेडिकल स्टोअर शोधत बसायची वेळ येऊ नये. बॅटरी, सुटे पैसे, पाण्याचा मोठा जार, आणि कचऱ्यासाठी रिकामी पिशवी. कुरकुऱ्यांची पाकिटं परत खाली आणायची, सगळी. आणि पाड्यावरच्या पोरांना गाडीतून चॉकलेटं फेकणं बंद करा. खूप जण प्रेमाने करतात हे मला माहितीये, पण पोरं गाडीमागे पळायला शिकतात आणि ते घाटातले रस्ते आहेत. द्यायचंच असेल तर तिथल्या शाळेत जाऊन मास्तरांना विचारून वह्या द्या, नाहीतर त्यांच्या आयांकडून सीताफळं, भगर, आमचूर विकत घ्या.

चाळीसगावकडच्यांनी विचारायच्या आधीच सांगते, तुमच्यासाठी पाटणादेवी जवळ आहे, गौताळा अभयारण्यात, भास्कराचार्यांच्या वारशाचं पाटण तेच, पण ते सातमाळ्याच्या डोंगरात, त्याचं वेगळं लिहावं लागेल.

यंदाचं आमचं ठरलंय. कानबाई झाली की बुधवारी मनुदेवी, सासूबाई आणि सगळी लहान पोरं. दिवाळीत भाऊबीजेनंतर प्रकाशा आणि धडगाव, सीताफळं संपायच्या आत. दत्तजयंतीला सारंगखेडा करून तोरणमाळ, तिथलं बुकिंग दिराकडे दिलंय आणि खोल्या तळमजल्यावरच घे असं दोनदा सांगितलंय. भोंगऱ्याला मोठी पोरगी आणि मी, तिची परीक्षा नसली तर. आखाजीनंतर वर जायचं की नाही ते आईच्या गुडघ्यांवर, ती नाही म्हणाली तर आम्ही बहिणी खाली घरीच झोका बांधू आणि आमचूर भावाला आणायला सांगू.